तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातलं मास्टरिंग सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

अहिराणी गाण्यांचं मिक्सिंग-मास्टरिंग करतो असं कळलं की जळगाव-धुळ्याकडची नवी मुलं हमखास विचारतात, "भाऊ, घरीच स्टुडिओ टाकलाय. मास्टरिंगला स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" माझं उत्तर असतं, सध्या काहीच विकत घेऊ नका. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मास्टरिंग म्हणजे तयार गाण्यावर फिरवायचा शेवटचा हात. त्याला मुळात लागतं काय? खर्ज-तीव्राचा तोल सावरायला एक ईक्यू, शेवटी आवाजाची टोकं अडवायला एक लिमिटर आणि गाणं खरोखर किती मोठ्याने वाजतंय ते आकड्यात दाखवणारा एक मीटर. या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात, आणि चांगल्या मिळतात. ईक्यूसाठी टोकियो डॉन लॅब्जचं नोव्हा घ्या. त्याचा डायनॅमिक बँड गायिकेचा 'स' टोचायला लागला की तेवढ्यापुरताच खाली येतो, बाकी गाण्याला हात लावत नाही. लिमिटर म्हणून लाउडमॅक्स. त्यात दोनच मुख्य स्लायडर आहेत, त्यामुळे चुकायला जागा कमी. मीटर यूलीनचा, फुकटातली आवृत्ती पुरते. हे सगळं चालवायला रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ते ६० दिवस वापरून बघता येतं, मग छोट्या व्यावसायिकासाठी परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला खर्च हाच.

खरी अडचण सॉफ्टवेअरची नसतेच. ती असते "गाण्यात दणका पाहिजे" या हट्टात. मुलं लिमिटर दाबत दाबत गाणं उणे ६-७ एलयूएफएसपर्यंत नेतात. (एलयूएफएस हे गाण्याचा मोठेपणा मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं गाणं मोठं वाजतं.) यूट्यूब मात्र उणे १४ च्या वरचं प्रत्येक गाणं तेवढ्या डेसिबलनी खाली आणतं. विश्वास बसत नसेल तर कॉम्प्युटरवर आपल्याच व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कंटेंट लाउडनेससमोर ७ डेसिबल दिसले, तर तुमचं गाणं तितकंच खाली वाजतंय. मोठेपणा यूट्यूबने काढून घेतला, पण लिमिटरने चेचलेली ढोलाची थाप काही परत येत नाही. शेजारी उणे ११ वर ठेवलेलं, मोकळा श्वास घेणारं गाणं लावून बघा. थाप त्याचीच जास्त अंगावर येते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण परदेशी व्हिडिओंत ती कुणी सांगत नाही. आपली गाणी फक्त फोनवर ऐकली जात नाहीत. हळदीला, वरातीत, बँडच्या गाडीवर ती पेन ड्राइव्हवरून वाजतात, आणि तिथे आवाज आपोआप समान करणारं कुणी नसतं. आधीच्या गाण्यापेक्षा तुमचं गाणं बारीक वाजलं तर साऊंडवाला पुढचं लावून मोकळा होतो. म्हणून नाचाच्या गाण्याच्या मी दोन फायली करतो. यूट्यूबची उणे ११-१२ च्या आसपास आणि पेन ड्राइव्हची उणे ९ च्या जवळ. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, दोन्हींत उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही, कारण एमपीथ्री होताना टोकं थोडी वर उसळतात आणि मग कर्कश आवाज येतो. कानबाईचं किंवा आखाजीचं, म्हणजे आपल्या खानदेशी सणाचं गाणं असेल तर दुसरी फाइल करतही नाही. त्या गाण्यांना दणका कशाला?

मोनो करून ऐकणंही तितकंच गरजेचं. बँडच्या गाडीवर डावं-उजवं बहुतेक वेळा एकत्रच होतं. आवाज रुंद करणारं प्लगइन (रीपरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावून हेडफोनवर कोरस छान पसरलेला वाटतो, आणि गाडीवर तोच कोरस अर्धा गायब होतो. रीपरच्या मास्टर ट्रॅकवर मोनोचं बटण आहे, ते दाबून एकदा तरी पूर्ण गाणं ऐका.

आणि कूलर! मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ ला टेकतो, कूलर बंद करून गाणं म्हणणार कोण? पण लिमिटरने गाणं सहा डेसिबल वर आणलं की ओळींच्या मधल्या जागेत कूलरची घरघरही सहा डेसिबल वर येते. हे मास्टरिंगमध्ये सुटत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही महागडं असो. उन्हाळ्यात आवाज पहाटे रेकॉर्ड करा आणि भिंतींवर जाड गोधड्या टांगा. रीपरमधलं रीआफिर घरघरीचा नमुना घेऊन ती थोडी वजा करतं, पण जास्त ताणलं तर गळा पाण्यातून आल्यासारखा वाटतो.

तरी काही विकत घ्यायचंच असेल, तर आयझोटोपचं ओझोन एलिमेंट्स नोव्हेंबरच्या सवलतीत बघा. ते गाणं ऐकून स्वतःच मांडणी सुचवतं. ती सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून नाही. त्याला कानबाईचं गाणं आणि डीजेचं गाणं यातला फरक कळत नाही, तो तुम्हाला कळतो. दरमहा भाड्याच्या योजनांपासून मात्र लांब राहा. लग्नसराईत कमाई होते, पावसाळ्यात होत नाही, भाडं बाराही महिने जातं. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या प्लगइन बनवणाऱ्या कंपनीने कायमची विक्री बंद करून फक्त भाड्यानेच प्लगइन द्यायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरातून इतका विरोध झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. क्रॅक केलेलं तर घेऊच नका. फुकटात इतकं चांगलं प्रामाणिकपणे मिळत असताना व्हायरसच्या भीतीत कामाचा कॉम्प्युटर ठेवायचा कशाला?

शेवटची फाइल देताना एवढं सांभाळा. व्हिडिओ एडिटरला ४८ किलोहर्ट्झची, २४ बिटची डब्ल्यूएव्ही द्या आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेतच दाबली जाऊ शकते, म्हणजे आकार कमी होताना दर्जाही उतरतो, एडिटर तीच व्हिडिओला जोडतो, मग यूट्यूब ती पुन्हा दाबतं. व्हिडिओ वर चढवण्याआधी एडिटरकडून तयार फाइल मागवा आणि यूलीनच्या मीटरवर पुन्हा एकदा मोजून घ्या.