वायोमिंगचं म्यूल डिअर: टॅग मिळाला, आता जागा शोधतोय

मंडळी, जूनच्या सोडतीत अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या रीजन ‘जी’ या शिकार-विभागाचा टॅग, म्हणजे म्यूल डिअर जातीचं एक हरीण मारायचा परवाना, लागला! दरवर्षी ४० डॉलरच्या आसपास भरून एकेक पॉइंट, म्हणजे सोडतीत अग्रक्रम देणारा गुण, साठवत होतो. परराज्यातल्या शिकाऱ्यांचे ७५ टक्के टॅग पॉइंटांच्या क्रमाने जातात, २५ टक्के निव्वळ नशिबावर. मला पॉइंटांनीच तारलं.

मी ह्यूस्टनला राहतो. टेक्ससमधली जवळजवळ सगळी जमीन खासगी, त्यामुळे आजवरची माझी शिकार भाड्याच्या रानात, मचाणावर बसून, व्हाइटटेल हरणाची. वायोमिंगमधल्या ब्रिजर-टीटन नॅशनल फॉरेस्ट या सरकारी जंगलात मात्र कुणालाही न विचारता पाठीवर तंबू घेऊन चालत सुटता येतं. या एका गोष्टीसाठी इतकी वर्षं थांबलो.

पहिले दोन आठवडे गेले नकाशावर काट मारण्यात. वायोमिंगचा कायदा असा, की घोषित विल्डरनेसमध्ये (कायद्याने राखलेल्या निर्जन रानात) परराज्यातल्या माणसाला मोठ्या प्राण्याची शिकार करायची तर परवानाधारक गाइड हवा, नाहीतर त्यासाठीचं परमिट काढलेला स्थानिक रहिवासी सोबत हवा. माझ्याकडे दोन्ही नाही. ‘जी’ मागण्याचं मुख्य कारण हेच: त्यातल्या वायोमिंग रेंज या डोंगररांगेत घोषित विल्डरनेस नाही. मग रस्त्यापासून दोन-अडीच किलोमीटरच्या आतलं सगळं सोडून दिलं, कारण तिथे पहिल्या दिवशी गर्दी असणार. उरली ३,००० मीटरच्या आसपासची पाच खोरी. त्यातल्या दोन खोऱ्यांत पाणी टिकेल असं उपग्रहाच्या चित्रावरून वाटतं, पण ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

हंगाम सप्टेंबरच्या मध्यात उघडतो. तोवर नरांच्या वाढत्या शिंगांवरची मऊ कातडी, म्हणजे मखमल, गळून गेलेली असते. उन्हाळाभर उघड्या उतारांवर टोळीने चरणारे हे नर मखमल गेली की झाडीत शिरतात आणि उजेडात कमी दिसतात. म्हणून पहाटे अंधारातच धारेवर पोहोचायचं आणि ऊन वर चढेपर्यंत दुर्बीण खाली ठेवायची नाही. खेचरासारखे मोठे कान आणि फांदीला फांदी फुटलेली शिंगं हेरायला माझी डोळ्यांची सवय अजून कच्ची आहे, तिच्यावर मेहनत घेतोय.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या रेंजमधल्या कळपाची अतोनात हानी झाली. अभ्यासासाठी रेडिओ कॉलर लावलेल्या पाडसांपैकी एकही वाचलं नाही. २०२२ मध्ये जन्मलेले नर आज चार वर्षांचे, ऐन भरात असते. ती पिढी जवळपास नाहीच. त्यामुळे मी खरोखर जुना, पोक्त नर मिळाला तरच गोळी झाडणार. तरुण नर दिसला तर पाहून घेईन, तो जगू दे.

सराव चालू आहे. पार्किंगच्या इमारतीचे जिने २० किलोचं ओझं घेऊन आठवड्यातून चार दिवस. मात्र समुद्रसपाटीवरच्या माणसाला विरळ हवेची सवय जिन्यांनी होत नाही, म्हणून हंगामाच्या तीन दिवस आधीच वर जाऊन राहणार. उंचीवर हवेचा अडथळा कमी, त्यामुळे लांबच्या नेमात गोळी इथल्यापेक्षा थोडी वर लागते. रायफल तिथे पोहोचल्यावर पुन्हा तपासायची. ३०० यार्डांपलीकडे मी झाडणार नाही, हे आत्ताच ठरवून टाकलंय.

सगळ्यात जास्त विचार मांसाचा. सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन तापतं. हाडं काढून, कापडी पिशव्यांत भरून, सावलीत वारा लागेल असं टांगायचं. मोठ्या नराचं मांस ३०-३५ किलो भरतं, म्हणजे एकट्याला किमान दोन फेऱ्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगामुळे टेक्ससमध्ये अख्खं धूड आणता येत नाही, त्यामुळे मांस तसंही तिथेच कापून वेगळं करावं लागणार. या रोगाच्या तपासणीला लिम्फ नोडचा (मानेतल्या गाठीचा) नमुना देऊन निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पाहणीला जातोय. त्या दोन खोऱ्यांत पाणी आहे का, ते परत आल्यावर लिहीन.