नववा स्प्राइट

सेटिंग्ज उघडायचं खरं तर काही कारण नव्हतं. गेम नीट चालू होता, आवाज येत होता, बटणं दाबली की उडी बसत होती. पण इम्युलेटर (जुन्या गेमयंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या माणसाला सगळं नीट चालू असलं की करमत नाही. तेव्हा एका रिकाम्या दुपारी मी मेसेन नावाच्या माझ्या इम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये शिरलो आणि तिथे एक चौकोन सापडला : स्प्राइटची मर्यादा हटवा. (स्प्राइट म्हणजे पडद्यावर हलणारा चित्राचा छोटा तुकडा.) बरोबरची खूण केली, आणि पडद्यावरचे शत्रू एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. लुकलुक बंद.

ती लुकलुक आठवते ना? एका ओळीत चार-पाच धटिंगण आले की अर्धे दिसायचे, अर्धे नाही. एनईएसच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्राच्या, चित्रं काढणाऱ्या चिपला एका फ्रेममध्ये ६४ स्प्राइट सांभाळता येतात, पण एका आडव्या रेघेवर फक्त ८. नववा आला की त्याला जागाच नाही. आणि एक धटिंगण म्हणजे काही एकच स्प्राइट नव्हे, दोन-तीन शेजारीशेजारी चिकटवून तो झालेला असतो, त्यामुळे आठाचा कोटा भरायला वेळ लागत नाही. मग त्या काळच्या प्रोग्रॅमरनी काय केलं, तर दर फ्रेमला यादीचा क्रम फिरवत ठेवला. या फ्रेमला हा गायब, पुढच्या फ्रेमला तो. कायमचा कुणीच नाहीसा होत नाही, सगळेच थोडे थोडे दिसतात. मला तेव्हा तो टीव्हीचा दोष वाटायचा आणि मी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायचो. थाप मारेपर्यंत एखादा शत्रू रेघेवरून सरकलेला असायचा, लुकलुक थांबायची, आणि माझा थापेवरचा विश्वास वाढतच जायचा.

तर खूण तशीच ठेवून ‘कॅसलव्हेनिया’चा दुसरा भाग लावला. त्यात दलदल आहे. नायक सायमन दलदलीत उतरला की त्याचे पाय चिखलात बुडतात. निदान बुडायला हवेत. माझा सायमन चिखलावर पायांसकट उभा! मग लक्षात आलं, की चिखलात पाय बुडवायला त्या लोकांनी वेगळं काही केलेलंच नाही. पायांच्या उंचीवर आठ फालतू स्प्राइट आधी रांगेत उभे केले, चिपचा कोटा तिथेच संपला, पाय काढायला चिपकडे जागा उरली नाही. बुडाला पाय. ज्या कमतरतेपायी लुकलुक सोसावी लागते, तिच्याकडूनच फुकटात काम करून घेतलं! कुणाला सुचलं असेल हे, आणि सुचल्यावर तो खुर्चीतून उठून दोन फेऱ्या तरी मारून आला असेल की नाही?

मेसेनवाल्यांनाही हे ठाऊक आहे. पहिल्या चौकोनाच्या सोबतीला दुसरा चौकोन आहे : गरज पडल्यास मर्यादा आपोआप परत आणा. ही गरज त्याला कळते कशी? कोड सगळ्यांना खुला आहे, तेव्हा आत डोकावलो. एकाच रेघेवर, अगदी एकाच जागी आठ स्प्राइट रचलेले दिसले, तर हे कुणीतरी मुद्दाम केलंय असं समजायचं आणि हात लावायचा नाही. वाचून फार बरं वाटलं. समोरच्याने मुद्दाम केलं असेल असं धरून चालणारे लोक कमी भेटतात.

मी दोन्ही खुणा काढून टाकल्या. लुकलुक तर लुकलुक.

या बाबतीत माझं दैवत म्हणजे बीस्नेस हा सुपर निन्टेन्डोचा इम्युलेटर लिहिणारा बायू. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्याची तंतोतंत नक्कल करायची तर ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो, असं त्याने २०११ मध्ये लिहिलं होतं. इतर इम्युलेटर तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्शात भागवत होते आणि बहुतेक गेम छान चालतही होते. अडत कुठे होतं, तर ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’ नावाच्या फारशा कुणी न खेळलेल्या गेममध्ये विमानाची जमिनीवरची सावली दिसत नव्हती. पडद्यावरची रेघ अर्धी काढून झालेली असताना गेम मध्येच बदल करतो, म्हणून ती सावली पडते. विमान दिसत होतं, उडत होतं. दुसरा कुणी म्हणाला असता, सावली जाऊ दे.

लहानपणी आमच्याकडे ‘डक हंट’ होता, टीव्हीतली बदकं खेळण्यातल्या बंदुकीने टिपायचा गेम. बंदूक माझ्याकडे, कंट्रोलर दादाकडे, कारण ‘गेम निवडायला’ कंट्रोलर लागतो आणि निवडायची अक्कल फक्त थोरल्यांना असते. मी नेम धरला की बदक झर्रकन खाली यायचं, नाहीतर भलतीकडे वळायचं. दादाच्या पाळीला मात्र अगदी आज्ञाधारक.

“दादा, हे मलाच का चुकवतं रे?”

“तू डोळा मिटतोस ना, ते त्याला दिसतं.”

मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितले. नळी काचेला टेकवून बघितली. बंदुकीला प्रकाश कळतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बल्बकडे रोखूनही बघितली. बदक मेलं नाही. एका बदकाच्या खेळात तो ‘गेम निवडायचा’ कंट्रोलर बदकालाही हलवतो, हे मला मिशा फुटल्यावर कळलं. दादाला अजून कबूल नाही.

बल्ब का चालला नाही ते इम्युलेटरने दाखवलं. हल्लीच्या सपाट पडद्यांवर ती बंदूक चालत नाही, त्यामुळे नेम माउसने धरायचा. चाप ओढला आणि गेम थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली. पहिल्या फ्रेमला पडदा पूर्ण काळा. पुढच्या फ्रेमला काळ्यावर एकच पांढरा चौकोन, बदकाच्या जागी. मग पुन्हा आभाळ, गवत, बदक. बंदुकीला आधी काळोख दिसला पाहिजे आणि मग उजेड. बल्ब बिचारा सतत उजेडच देत होता. तो पांढरा चौकोन माझ्या डोळ्यांसमोरून किती वेळा गेला असेल! त्या दुपारी तो पहिल्यांदा स्थिर बघितला. चांगला ऐसपैस आहे. नेम इतका काही वाईट नव्हता माझा.

माझ्या एका मित्राला हे सगळं ढोंग वाटतं. “लुकलुक हवी, सावली हवी, यंत्र जसंच्या तसं हवं, आणि स्वतः मात्र दर खड्ड्याआधी सेव्ह स्टेट!” (म्हणजे गेम आहे त्या क्षणी जपून ठेवायचा, पडलो की तिथूनच पुढे.) मी म्हटलं, तंतोतंतपणाचा करार यंत्राशी आहे, खेळाडूशी नाही. बायूनेही बोटांचं काही लिहून ठेवलेलं नाही. मित्र अजून यावर उत्तर शोधतोय. तोवर मी सेव्ह करून घेतो, पुढे दोन खड्डे लागोपाठ आहेत.