तीन पेन्सचा चहा

चहाची पेटी समुद्रात फेकली आणि लगेच दोरीने वर ओढून घेतली. ओढावीच लागते. बॉस्टनच्या खाडीत उभ्या केलेल्या त्या लाकडी जहाजावर फेकायच्या पेट्या मोजक्याच, आणि माझ्या मागे शाळेच्या सहलीची पोरं रांग लावून उभी. पेटी नुसतीच हलकी, पोकळ. दोरीचा भाग मात्र ओला आणि गार, हाताला मिठाचा चिकटपणा. भाची मोबाइल धरून ओरडत होती, "मामा, जरा रागाने फेका ना!"

राग कुठून आणू? एकोणतीस वर्षं जकात नाक्यावर काढलेला माणूस मी. १७७३ मध्ये वसाहतीतल्या लोकांनी इंग्रजांचा चहा इथल्या समुद्रात फेकला, तीच 'बॉस्टन टी पार्टी'; त्या रात्री मी तिथे असतो तर कुठल्या बाजूला असतो, हे जहाजावर पाय ठेवण्याआधीच मला ठाऊक होतं.

तरुण वाचकांनी बहुधा जकात पाहिलेली नाही. शहराच्या वेशीवर ट्रक अडवायचा, बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, बघायची, मालावर कर घ्यायचा, पावती फाडायची. चुकवून नेताना सापडला तर दहापट दंड. २०१३ मध्ये आमच्याकडची जकात बंद झाली, पुढे मीही निवृत्त झालो आणि भाचीच्या आग्रहाने एप्रिलमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडे बॉस्टनला आलो. तिने यादी केली होती: मासे, विद्यापीठं, ट्यूलिप. मी म्हटलं, ते बघू, आधी मला चहाचं प्रकरण बघायचंय.

जहाजाच्या या संग्रहालयात तिकिटाबरोबर पक्ष्याचं एक पीस आणि एक कार्ड देतात. पीस कशाला, तर १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री जहाजांवर चढलेली माणसं मोहॉक आदिवासींसारखी तोंडं रंगवून आली होती म्हणून. कार्डावर त्या लोकांपैकी एकाचं नाव. मला आला जॉर्ज रॉबर्ट ट्वेल्व्ह्ज ह्यूज, जोडे शिवणारा, वय एकतीस. हा माणूस पुढे अठ्ठ्याण्णव वर्षं जगला आणि म्हातारपणी त्याने त्या रात्रीच्या आठवणी सांगून ठेवल्या. जहाजाच्या कप्तानाकडे जाऊन तळघराच्या किल्ल्या आणि मेणबत्त्या त्यानेच मागितल्या होत्या. कप्तानाने मुकाट्याने दिल्या.

शाळेत आपण हे एका ओळीत शिकलो: इंग्रजांनी चहावर कर वाढवला, वसाहतीतले लोक चिडले, चहा बुडवला. नाक्यावरचा माणूस म्हणून सांगतो, यातला पहिला तुकडाच चुकीचा आहे. १७७३ मध्ये चहा महाग होणार नव्हता, स्वस्त होणार होता.

झालं असं. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये इंग्लंडने जिंकलं आणि तिजोरी कर्जात बुडाली. अमेरिकेतल्या वसाहतींसाठी लढलो, तर थोडा भार त्यांनीही उचलावा, असं लंडनचं म्हणणं. ऐकायला रास्त. १७६५ मध्ये स्टॅम्पचा, म्हणजे कागदांवर कर लावणारा, कायदा आला: वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या जोडावरसुद्धा. इतकी बोंब झाली की वर्षभरात मागे घ्यावा लागला. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयात कर बसवला. पुन्हा बोंब, लंडनच्या मालावर बहिष्कार. १७७० मध्ये तेही सगळे कर उठवले, एक सोडून. चहावर पौंडाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, तीन पेन्स. त्यातून मोठी कमाई होती म्हणून नव्हे. आम्ही कर लावू शकतो, एवढं कागदावर राहावं म्हणून. आमच्या फाइलींवरही साहेब लोक लिहायचे, 'हक्क अबाधित ठेवून'. ज्याने हे शब्द वाचलेत त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

आणि मग या गोष्टीत आपली ओळखीची पार्टी शिरते, ईस्ट इंडिया कंपनी. १७७० च्या दुष्काळात बंगाल उद्ध्वस्त झाला, कंपनीचा हिशेब गडबडला आणि लंडनच्या वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख पौंड चहा पडून राहिला. चहा चीनचा, आपल्याकडे तेव्हा चहाचे मळे नव्हते. कंपनी बुडू नये म्हणून पार्लमेंटने १७७३ मध्ये कायदा केला: लंडनमधला कर माफ, मधले दलाल बाद, माल थेट अमेरिकेत कंपनीने निवडलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांकडे. तीन पेन्स तेवढे कायम. हे सगळं धरूनही तो चहा डच चोरट्या मालाशी भावात टक्कर देणार होता.

म्हणजे सगळ्यात जास्त पोट कुणाचं दुखलं? चोरटा चहा आणणाऱ्यांचं. हे इथल्या मार्गदर्शकाने जरा पटकन उरकलं, म्हणून मी लिहितो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यात मोठी सही ज्याची, तो जॉन हॅन्कॉक बॉस्टनचा बडा व्यापारी. १७६८ मध्ये त्याचं 'लिबर्टी' नावाचं जहाज कर चुकवून मदिरा नावाची वाइन उतरवल्याच्या आरोपावरून जप्त झालं होतं. जहाजाचं नाव स्वातंत्र्य आणि माल विनापावती! असे दोन-चार हॅन्कॉक माझ्याही नाक्यावरून गेले, फक्त त्यांनी पुढे देश स्थापन केला नाही.

पण नुसता चोरट्यांचा धंदा म्हणून हे सोडून देता येत नाही. लोकांना कंपनीची भीती होती, आणि ती हवेतली नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने त्याच नोव्हेंबरात टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात आशियातल्या कंपनीच्या कारभाराचे वाभाडे काढले: तिथे दुष्काळात लाखो माणसं मेली आणि यांनी धान्याचे भाव चढवले, आता यांची नजर आपल्यावर आहे. ही माहिती मला नवीन होती. बंगालमध्ये काय झालं ते बॉस्टन-फिलाडेल्फियाचे लोक पेपरात वाचत होते. त्याच वर्षी ऑगस्टात इकडे शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कंपनीचा धोका सातासमुद्रापार लोकांनी ओळखला आणि पुण्यात आपण... जाऊ दे.

चहाची रात्र नेमकी १६ डिसेंबरच का, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये. हे विटांचं साधं प्रार्थनाघर आहे, आत पांढरे लाकडी कप्पे, हिच्या गुडघ्यांना सोसतील असे बाक. कायदा असा होता की जहाज बंदरात नोंदलं गेलं की वीस दिवसांत कर भरा, नाहीतर माल जप्त. 'डार्टमाउथ' जहाज आलं २८ नोव्हेंबरला. मुदत संपत होती १७ डिसेंबरला. जप्त झालेला चहा लिलावात विकला गेला असता, म्हणजे कर वसूल झालाच असता. लोकांची मागणी, जहाज माल न उतरवता परत जाऊ द्या. आमच्या भाषेत पारगमन पास. पास देणं गव्हर्नर थॉमस हचिन्सनच्या हातात. त्याने नाकारला, कारण नियमाप्रमाणे कर भरल्याशिवाय जहाज सोडता येत नव्हतं. नियम बरोबर होता. आणि कंपनीचा माल घेणाऱ्या निवडक व्यापाऱ्यांत त्याचेच दोन मुलगे होते.

इथे मी बाकावर बसून राहिलो. साहेबाचा नियमही बरोबर आणि साहेबाच्या घरचा फायदाही त्यातच, ही वेळ मी जवळून पाहिली आहे. मी तेव्हा पावती फाडली होती.

तर १६ तारखेला सुमारे पाच हजार माणसं या इमारतीत आणि बाहेर जमली. अख्ख्या गावाची वस्ती सोळा हजारांच्या आसपास. जहाजमालक फ्रान्सिस रॉच घोड्यावरून मिल्टनला गव्हर्नरकडे शेवटची विनंती करायला गेला होता, तो अंधार पडल्यावर नकार घेऊन परतला. विरोधकांचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स उठला आणि म्हणाला की आता या सभेच्या हातात काही उरलेलं नाही. मग धक्क्याकडे गर्दी वळली. तीन जहाजं, ३४२ पेट्या, तीन तास. ओहोटी होती, त्यामुळे चहा बुडेना, ढीग वर यायला लागले. दुसऱ्या दिवशी छोट्या होड्यांतून वल्ह्यांनी झोडपून तो बुडवावा लागला. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला, त्याला ह्यूजनेच पकडलं. चहाशिवाय कशाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. पंचनामा करायला गेलो असतो तर फुटलेल्या पेट्यांखेरीज काही लिहायला नसतं.

खाली चहाच्या दुकानात त्या काळच्या पाच जाती चाखायला देतात. बोही नावाचा काळा चहा सगळ्यात जास्त बुडाला होता. हिने घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "दूध नाही, आलं नाही. फेकला यात नवल ते काय." मी एक डबा घेतला, एक मगही.

दुपारी फ्रीडम ट्रेलच्या लाल विटांची रेघ धरून चाललो. चार किलोमीटर, सोळा ठिकाणं. सगळ्यांचं वर्णन करत नाही. इंग्रज सैनिक निघाल्याची खबर घोड्यावरून देणाऱ्या पॉल रिव्हिअरचं घर छोटं आणि गर्दी मोठी. ओल्ड स्टेट हाउससमोर रस्त्यात दगडांचं एक वर्तुळ आहे, ५ मार्च १७७० ला इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसं पडली त्याची खूण. त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सने, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. आठांपैकी सहा सुटले. गाव पेटलेलं असताना हे करायला छाती लागते, चहा फेकायला लागते त्याहून मोठी, असं माझं मत.

माझं खरं काम होतं वॉशिंग्टन स्ट्रीट आणि एसेक्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. तिथे लिबर्टी ट्री होतं, एल्मचं झाड, ज्याच्याखाली सभा व्हायच्या आणि स्टॅम्प विकणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा टांगला गेला होता. झाड १७७५ मध्ये राजनिष्ठांनी तोडलं. आता इमारतीच्या भिंतीवर त्याचं कोरीव शिल्प आहे. जानेवारी १७७४ मध्ये या झाडाखाली आणला होता जॉन माल्कम. सीमाशुल्क खात्याचा माणूस, आमचा खातेबंधू. स्वभावाने तापट, एका पोरावर काठी उगारली, मध्ये पडलेल्या ह्यूजच्या डोक्यात ती घातली. हो, माझ्या कार्डावरचाच ह्यूज. संध्याकाळी जमावाने माल्कमला घरातून ओढून काढलं, कपडे फाडले, अंगावर डांबर ओतलं, वर पिसं चिकटवली आणि बॉस्टनच्या जानेवारीत गावभर गाडीतून फिरवलं. ह्यूजने स्वतः त्याला विरोध केला होता, माल्कमवर कोर्टात दाद मागावी असं त्याचं म्हणणं होतं. कुणी ऐकलं नाही.

मला एकदा ट्रकवाल्यांनी केबिनमध्ये चार तास कोंडलं होतं. काच फुटली, बाकी काही नाही. त्या कोपऱ्यावर उभं राहून खिशातलं पीस मी काढलं आणि भाचीकडे दिलं. तिला वाटलं, आठवण म्हणून दिलं.

आणखी एक नाव सांगायचंय, कारण विटांच्या रेघेवर ते चटकन दिसत नाही. फिलिस व्हीटली. १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून बॉस्टनला आणलेली लहान मुलगी. ज्या जहाजातून आणली त्याचंच नाव तिला दिलं. १७७३ मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं आणि त्याच्या प्रती बॉस्टनला आल्या त्याच 'डार्टमाउथ'मधून, चहाच्या पेट्यांबरोबर. पुस्तकं उतरवली, चहा राहिला. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही तर आमच्यावर कर नाही, असं ओरडणाऱ्या गावात ती त्या वर्षापर्यंत गुलामच होती, नुकतीच कुठे सुटली होती.

सोमवारी पेट्रियट्स डे, स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईच्या आठवणीची सुट्टी. मॅरेथॉनही त्याच दिवशी, पण आम्ही पहाटे तीनला उठून लेक्सिंग्टनला गेलो. चहाच्या बदल्यात लंडनने १ जून १७७४ पासून बॉस्टनचं बंदर बंद केलं, गावसभांवर बंधनं आणली, आणि १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे कॉन्कॉर्डमधला शस्त्रसाठा जप्त करायला निघालेल्या सुमारे सातशे इंग्रज सैनिकांची आघाडीची तुकडी लेक्सिंग्टनच्या या हिरवळीवर येऊन ठेपली. समोर कॅप्टन जॉन पार्करची गावातलीच सत्त्याहत्तर माणसं. दरवर्षी हा प्रसंग तिथेच करून दाखवतात.

अंधारात लोक घडीच्या शिड्या घेऊन आलेले. भाचीने थर्मासमधला आपला चहा काढला, आल्याचा. वाट बघताना तिने मोबाइलवरून एक मुलाखत वाचून दाखवली. त्या दिवशी लढलेल्या लेव्ही प्रेस्टन नावाच्या म्हाताऱ्याला, वय एक्क्याण्णव, १८४३ मध्ये एका तरुणाने विचारलं, जुलूम काय होता? म्हातारा म्हणाला, जुलूम मला काही जाणवला नाही. स्टॅम्प? एकही पाहिला नाही. चहाचा कर? चहाचा थेंब कधी प्यायलो नाही, पोरांनी सगळा पाण्यात फेकला होता. मग का लढलात? आम्ही आमचा कारभार आम्हीच करत आलो होतो आणि पुढेही करणार होतो. त्यांना ते नको होतं.

"परत वाच," मी म्हटलं. तिने परत वाचलं.

साडेपाचच्या सुमारास ढोल वाजले. लाल कोटांची रांग धुक्यातून आली, कुणीतरी ओरडलं, एक बार झाला, मग एकदम बरेच. धूर इतका की काही सेकंद फक्त आवाज. धूर विरला तेव्हा गवतावर माणसं पडली होती आणि बायका घरांकडून धावत येत होत्या. आठ मेले त्या सकाळी. जोनाथन हॅरिंग्टन घायाळ होऊन स्वतःच्या दारापर्यंत सरपटत गेला आणि उंबऱ्यावर मेला. ते घर अजून हिरवळीच्या कडेला आहे. जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक होता, गुलाम. त्याच्या नावाचा दगड बकमन टॅव्हर्नसमोर आहे, आम्ही नंतर शोधून पाहिला.

टाळ्या झाल्या, मेलेले उठले, गुडघ्यांवरचं दव झटकलं. सगळी गर्दी एका चर्चच्या सभागृहात पॅनकेक खायला निघाली. पैसे द्यायला कोटाच्या खिशात हात घातला तर परवाच्या चहाच्या दुकानाची पावती हाताला लागली. सवयीने आधी कराचा रकाना पाहिला. मगावर सव्वासहा टक्के. चहाच्या ओळीपुढे काहीच नाही.

"चुकलंय यांचं," मी म्हटलं.

"नाही हो मामा, इथे किराण्यावर टॅक्स नसतो. चहा किराण्यात धरतात."

मी आकडे पुन्हा जुळवून पाहिले, पावतीची घडी घातली आणि पाकिटात ठेवली.