शेपटीतला एक ग्रॅम

रविवार, रात्र

आज माझे विमानाचे मॉडेल पहिल्यांदा इंजिनावर उडाले. बोटांना लागलेला ईथर आणि एरंडेलाचा वास दोनदा साबण लावूनही गेलेला नाही.

मॉडेलसाठी पायपर जे-३ कब हे छोटे अमेरिकी विमान निवडण्याचे कारण साधे होते. फ्री फ्लाइटमध्ये रेडिओ नसतो, दोरी नसते, त्यामुळे हातातून सुटलेल्या विमानाने स्वतःचे स्वतःच सावरायचे असते आणि धडाच्या वर बसवलेला पंख त्या कामी येतो. १९३८ साली बाजारात आलेल्या मूळ विमानाच्या पंखाची लांबी १०.७४ मीटर होती, म्हणून बाराव्या हिश्श्याच्या माझ्या मॉडेलची ८९.५ सेंटीमीटर झाली. मात्र मापाशी मी दोन लबाड्या केल्या आहेत: पंखांची टोके मूळ विमानापेक्षा जास्त उचलली आणि आडवे शेपूट थोडे मोठे केले. खऱ्या विमानात पंख कलला की वैमानिक तो सरळ करतो. माझ्या विमानात बसलेला वैमानिक बाल्साच्या हलक्या लाकडाचा आहे.

या कामात मला सर्वांत जास्त छळले ते शेपटीच्या वजनाने. कबचे नाक आखूड आणि शेपूट लांब असल्यामुळे शेपटीत वाढलेला एक ग्रॅम तोलण्यासाठी नाकात सुमारे तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. सांगाडा पहिल्यांदा बोटांवर तोलला तेव्हा २४ ग्रॅम शिसे लागेल असे दिसले आणि मी चरकलोच. मग शेपटीचे जाड भाग पुन्हा घासले, पिवळ्या रंगाचा हात देण्याऐवजी सांगाड्यावर पिवळाच टिश्यू, म्हणजे पातळ कागद, लावला आणि धडावरची विजेसारखी काळी पट्टीसुद्धा टिश्यूचीच कापली. शिसे निम्म्यावर आले. शेपटीतून चार ग्रॅम काढायला मात्र तीन संध्याकाळी गेल्या.

एक चूक लिहून ठेवली पाहिजे. डोप, म्हणजे टिश्यूवर द्यायचा लेप, वाळताना टिश्यू ताणतो हे माहीत असूनही मी आडवे शेपूट टाचण्या न लावता रात्रभर तसेच ठेवले, आणि सकाळी ते पापडासारखे वाकलेले होते. किटलीच्या वाफेवर धरून, उलट पीळ देऊन, पाटावर टाचण्यांनी जखडल्यावर ते बऱ्यापैकी सरळ झाले. बऱ्यापैकीच; डावे टोक अजूनही किंचित वर आहे.

सकाळी उंच गवतावर आधी इंजिन न लावता हाताने सोडून पाहिले. नाक वर काढायचे, थबकायचे आणि खाली पडायचे, असे दोनदा झाल्यावर आडव्या शेपटाच्या पुढच्या कडेखाली पुठ्ठ्याची पातळ पट्टी सारली आणि तरंगणे सुधारले.

पाऊण सीसीच्या डिझेल इंजिनाला प्लग नसतो. आत दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने ईथर पेटतो आणि तो दाब माथ्यावरच्या स्क्रूने कमीजास्त करायचा असतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल जवळजवळ समभाग घेतले होते. इंधन जास्त झाल्यामुळे पंखा मध्येच अडला. तेव्हा जोर न करता स्क्रू सैल केला, नाहीतर आतला दांडा वाकला असता. विमान हरवू नये म्हणून टाकीत ड्रॉपरने मोजून वीस सेकंदांपुरतेच इंधन घातले.

पहिल्या उड्डाणात ते चढता चढता डावीकडे इतके आवळत गेले की मी धावायलाच लागलो. पंखा ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट इंजिन विमानाला कलवत असते. इंधन संपले आणि गवताने झेलले, म्हणून ते वाचले. इंजिनाच्या बैठकीच्या डाव्या बोल्टांमागे एकेक वॉशर घालून त्याचे तोंड जरा उजवीकडे वळवले. पुढच्या खेपेला डावीकडे मोठे वर्तुळ घेत ते निवांत चढले, आवाज थांबल्यावर क्षणभर रेंगाळले आणि सैल वळण घेत उतरले. मी घड्याळ पाहायलाच विसरलो.

आता पुसताना दिसले की इंजिनामागच्या सांध्यावर तेलरोधक लेप द्यायचा राहून गेला होता. तिथला टिश्यू एरंडेल पिऊन तळलेल्या पदार्थाखालच्या कागदासारखा पारदर्शक झाला आहे आणि आतली बाल्साची पट्टी स्पष्ट दिसते आहे. तेलकट लाकडाला डिंक धरत नाही, त्यामुळे तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागेल आणि तोलही पुन्हा पाहावा लागेल.