फेदर डस्टर वाढलेत, काढून टाकू का?

तुम्ही विचारलंत म्हणून. फेदर डस्टर म्हणजे नळीत राहणारे, डोक्यावर पिसांचा तुरा असलेले समुद्री कृमी. रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि सम्प म्हणजे तिला जोडलेली, फिल्टर आणि पंप ठेवायची वेगळी टाकी. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "मी रीफ टँकमध्ये एकही फेदर डस्टर सोडला नव्हता. आता दगडांवर, काचेवर, सम्पमध्ये शेकडो दिसतात. प्रवाळांना त्रास देतील का? काढून टाकू?"

नका काढू. लाइव्ह रॉकवरून (जीवजंतूंसकट आणलेल्या समुद्री दगडांवरून) किंवा प्रवाळाच्या बुडाला चिकटून आलेले हे कृमी पाणी गाळून खातात. डोक्यावरच्या पिसांवर बारीक केस असतात, त्यांच्या हालचालीने पाण्यातले कण आत ओढले जातात. अगदी बारीक कण तोंडात, मधल्या आकाराचे नळी बांधायला, मोठे बाहेर. प्रवाळाला ते खात नाहीत, डंखही मारत नाहीत. झुपका अगदी प्रवाळाला टेकून वाढला, तर तेवढ्या जागी प्रवाळ मिटून राहतो. तो झुपका दगडासकट हलवावा.

पण आधी ओळख पक्की करा, कारण फसगत इथेच होते. काचेवरची आणि पंपावरची टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी वेटोळी म्हणजे स्पायरॉर्बिड. भिंगातून पाहिलं तर त्यांचाही इवलासा तुरा दिसतो. मऊ, मातकट नळीतले, दाटीने वाढणारे ते सॅबेलिड. कडक चुन्याची नळी आणि आत शिरल्यावर तोंडाशी बसणारं झाकण असेल, तर सर्प्युलिड. स्पायरॉर्बिडही याच कुळातले. हात पुढे केला की सावलीनेच तुरा झटकन आत जातो.

कडक नळी आहे, पण तुरा कधीच दिसत नाही? मग ती व्हर्मेटिड गोगलगाय असण्याची शक्यता जास्त. प्रवाह बंद करून थोडं बारीक खाद्य सोडा. काही मिनिटांत कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे बाहेर आले, तर शंका उरत नाही. त्या जाळ्यांनी प्रवाळ खरोखर चिडतात. तिची नळी चिमट्याने मोडा किंवा तोंडावर जेल सुपरग्लूचा थेंब लावून बुजवा.

फेदर डस्टर इतके भराभर का वाढतात? स्पायरॉर्बिड उभयलिंगी असतात आणि पिल्लं अंगाशीच वाढवतात. पिल्लं फार थोडा वेळ पोहतात आणि जवळच चिकटतात, त्यामुळे स्किमरमध्ये (फेसाने पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्रात) जाण्याआधीच त्यांना घर मिळतं. काही छोट्या सॅबेलिडांचा मागचा भाग तुटून वेगळा होतो आणि त्याला नवं डोकं फुटतं. म्हणून टँकमध्येच ब्रशने घासून झुपका उडवू नका, तुकडे सगळीकडे पसरतील.

ही वाढ होते ती पाण्यातल्या खाद्यावर. संख्या कमी हवी असेल तर गोठवलेलं खाद्य गाळणीत वितळवून धुऊन द्या, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दर 3-4 दिवसांनी बदला, स्किमर साफ ठेवा. काही आठवड्यांत संख्या आपोआप उतरते. जंतनाशक औषधाचा मार्ग मला मान्य नाही. दगडांच्या आतले कृमीही एकदम मरतात, ते सडतात आणि अमोनिया वाढतो. तांब्याचं औषध तर रीफ टँकमध्ये कधीच नको.

खरं लक्ष यंत्रांकडे हवं. रिटर्न पंपाचा (सम्पमधलं पाणी परत टँकमध्ये पाठवणाऱ्या पंपाचा) जोर कमी झाला तर इम्पेलरवर (त्याच्या फिरत्या पात्यांवर) चुन्याच्या नळ्या साठल्या असतील. प्लग काढून पंप बाहेर घ्या. बादलीत पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात तो 30 ते 60 मिनिटं चालवा, मग सुटा करून टूथब्रशने घासा आणि गोड्या पाण्याने धुवा. व्हिनेगरमधलं आम्ल चुना विरघळवतं. ऑटो टॉप-ऑफचा (वाफ होऊन घटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) फ्लोट किंवा सेन्सरही दर महिन्याला पुसा. नळ्यांमुळे फ्लोट खालीच अडकला तर गोडं पाणी येतच राहतं आणि क्षारता घसरते. काचेवरची वेटोळी पात्याने निघतात. अॅक्रिलिकवर पातं नको, प्लॅस्टिकची खरवडणी वापरा.

उलट काहींना मोठा फेदर डस्टर जपायचा असतो. त्याला हलवताना पाण्याबाहेर काढू नका, नळीत हवा अडकते. आठवड्यातून 2-3 वेळा स्किमर आणि रिटर्न पंप 20-30 मिनिटं बंद ठेवून बारीक फायटोप्लँक्टन (सूक्ष्म शैवाल) द्या. टँकमधला प्रवाहाचा पंप मात्र चालू राहू द्या, खाद्य पिसांपर्यंत त्यानेच पोहोचतं. क्षारता (स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत मोजलेली) 1.025च्या आसपास स्थिर असावी. चुन्याच्या नळीवाल्यांना कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम लागतं.

आणि तुरा गळून पडला तर नळी फेकू नका. ताण, उपासमार किंवा माशाने टोचणं, अशा कारणांनी तो तुरा टाकतो आणि काही आठवड्यांत नवा, सुरुवातीला आखूड तुरा उगवतो. कृमी नळीतून अर्धा बाहेर लोंबत असेल, स्पर्शाला हलत नसेल आणि दुर्गंधी येत असेल, तर तो मेलेला आहे. त्याच दिवशी काढा.