लस की मिठाचं पाणी? सात महिने कुणी सांगेना

मला टोचलं ते मिठाचं पाणी होतं. दोन्ही वेळा. हे कळायला शेवटच्या तपासणीनंतर सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

डेंगीच्या एका नव्या लशीच्या चाचणीत मी स्वयंसेवक होते. घरात एकाला डेंगी झाला होता. प्लेटलेट्सचा आकडा सकाळ-संध्याकाळ बघत काढलेले ते दिवस डोक्यातून जात नव्हते, म्हणून नाव दिलं. 26 पानांचं संमतीपत्र, रक्त, लघवी, बीपी, पहिला डोस, नंतर अर्धा तास बाकावर, मग घरी. इथवर सगळं सुरळीत. संमतीपत्र मात्र घरी आणून वाचा. तिथल्या टेबलाशी बसून 26 पानं कोणीच वाचत नाही, नुसती उलटतात.

सिरिंजला बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आतलं गढूळ आहे की स्वच्छ ते दिसू नये म्हणून. टोचणारी नर्स पुन्हा कधी भेटली नाही. तिला आत काय आहे ते ठाऊक होतं, आणि पुढे मला तपासणाऱ्या डॉक्टरांना ते कळता कामा नये, असा तो सगळा बंदोबस्त. निघताना हातात एक थर्मामीटर, टोचल्या जागची लाली मिलिमीटरमध्ये मोजायला प्लास्टिकची पारदर्शक पट्टी, आणि रोजचा ताप नि त्रास लिहायला सात दिवसांची डायरी. या डायरीकडे नंतर येते.

दुसऱ्या दिवशी दंड ठणकला, डोकं जड झालं. लसच मिळालीये, असं मी घरी जाहीर करून टाकलं! आता हसू येतं. पण मी काही एकटी नाही. कोविडच्या लशींच्या 12 चाचण्यांचे आकडे एकत्र करून 2022 मध्ये छापले गेले, त्यात पहिल्या डोसनंतर नुसता प्लासिबो (तुलनेसाठी टोचलेलं, लस नसलेलं इंजेक्शन) घेतलेल्या सुमारे 35 टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी नोंदवल्या होत्या.

मग दोन वर्षं फॉलोअप. ताप आला की फोन करायचा आणि रक्त द्यायला जायचं. डेंगीत इतकी लांबण का, हे मी विचारलं होतं. या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि एकाविरुद्ध तयार झालेली अर्धवट प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला उलट मदतच करू शकते. 2015 च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या पहिल्या डेंगी लशीबाबत 2017 मध्ये तेच समोर आलं: ज्यांना आधी कधीच डेंगी झाला नव्हता, त्यांच्यात लस घेतल्यावर पुढे गंभीर आजाराचा धोका वाढलेला दिसला. म्हणून दोन वर्षांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार त्यानंतरची. शेवटच्या फेरीला कोऑर्डिनेटर म्हणाला, "कळवू मॅडम." महिना गेला. फोन केला, तर "स्पॉन्सरकडून यादी आली नाही." स्पॉन्सर म्हणजे चाचणी करवून घेणारे. दुसरा महिना, तेच. तिसऱ्या महिन्यात उत्तर बदललं: "अजून डेटा लॉक झालेला नाही." म्हणजे सगळ्यांच्या नोंदी तपासून पक्क्या झालेल्या नाहीत.

"अहो, कुलूप लावायला किती वेळ लागतो?"

"मॅडम, किल्ली आमच्याकडे नाहीच."

दरम्यान माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी सहज विचारलं, डेंगीची लस घेतलीये का? मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. स्वतःच्या दंडात काय गेलं ते आपल्याला माहीत नाही आणि कुठल्याशा संगणकाला माहीत आहे, याची चीड येते. बाहेर अँटिबॉडी तपासून घ्यावी असंही मनात आलं. तसं करू नका. पूर्वी नकळत डेंगी होऊन गेला असेल तरी अँटिबॉडी सापडतात, म्हणजे पैसे जाऊन उत्तर नाहीच. शिवाय आपल्याला लस मिळालीये असं वाटलं की माणूस डासांबाबत निष्काळजी होतो, आणि चाचणीचा निकालच बिघडतो.

पाचव्या महिन्यात त्यांचाच फोन. मला वाटलं, आलं उत्तर. "जरा येऊन जाल का? तुमच्या डायरीत क्वेरी आहे."

दुसऱ्या डोसनंतरची माझी डायरी कोऑर्डिनेटरने टेबलावर उघडली आणि पेन्सिलीचं टोक चौथ्या दिवसावर ठेवलं. तापमानाच्या चौकोनात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'नॉर्मल'. आकडा नाही. सहाव्या दिवशी 36.8 गिरवून गिरवून 36.6 केलेलं.

मी पेन उचललं. "36.7 लिहून टाकते."

त्याने पानावर तळहातच ठेवला. आता आठवून आकडा लिहायचा नाही म्हणे. 'नॉर्मल'वर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी 'मोजलेलं आठवत नाही', आजची तारीख, माझी आद्याक्षरं. गिरवलेल्या आकड्याशेजारीही तसाच खुलासा. व्हाइटनर तर त्या खोलीत पाप.

चूक माझी, कबूल. पण हीच डायरी पुढच्या फेरीला त्यांनी माझ्याकडून घेतली होती, खाली त्यांच्या डॉक्टरांची सही आहे. म्हणजे ती न वाचताच सही झाली आणि माझा 'नॉर्मल' त्या सहीवर दोन वर्षं निवांत झोपला. तेव्हाच विचारलं असतं, तर निदान आठवलं तरी असतं. हे मी त्याला ऐकवलं. तो गप्प.

मग उत्तराआधी डायऱ्या का, हे त्यानेच समजावलं, ते मात्र पटलं. कोणाला लस आणि कोणाला पाणी हे आधी फोडलं आणि डायऱ्या नंतर साफ केल्या, तर शंकास्पद ताप कुठे मोजायचा हे ठरवताना हात नकळत झुकतो. एका कोविड लशीच्या चाचणीत सुमारे 44 हजार लोक होते, पण 2020 च्या नोव्हेंबरात निकाल ठरला तो 170 आजारी माणसांवर: 162 प्लासिबोतले, 8 लशीतले. प्लासिबोतले आठ जण चुकून लशीत धरले तरी लशीची परिणामकारकता 95 टक्क्यांवरून 90 वर येते.

तरी घरी येताना मनात येत होतंच, की 1954 ची पोलिओ लशीची चाचणी 18 लाखांच्या आसपास मुलांची, संगणक जवळपास नाहीतच, आणि 12 एप्रिल 1955 ला निकाल जाहीरसुद्धा! (त्यांना दोन वर्षांचा फॉलोअप नव्हता, हे खरं. पण रागात एवढा हिशोब कोण करतो.)

एक सांगायचं राहिलं. सहभागाचं कार्ड देतात ते पाकिटात ठेवा. त्यावरचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि जिवावर बेतलं, उपचारासाठी गरज पडली, तर तुमच्यापुरतं गुपित लगेच फोडता येतं. नुसत्या उत्सुकतेसाठी नाही; मी विचारून बघितलंय. आणि मधल्या काळात दुसरी कुठलीही लस घ्यायची तर आधी त्यांना विचारा. वैतागून सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं. मी दोनदा त्या टोकाला आले होते.

सातव्या महिन्यात पत्र आलं. अर्धं पान. माझा क्रमांक, दोन तारखा, आणि 'प्लासिबो'.

संमतीपत्राची माझी सही केलेली प्रत काढली. पान 19 वर लिहिलेलं होतं की लस मंजूर झाली तर प्लासिबो गटाला ती देऊ केली जाईल. लगेच फोन लावला.

"हो मॅडम, मंजूर झाली की तुम्हाला बोलावू. पण तेव्हा संमतीपत्र नवीन असेल."

"किती पानांचं?"

"31."

"आणि डायरी?"

"डायरी पण."