सातवे चित्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं शाळेचं पत्र वाचता वाचता मला ग्रंथालयातलं एक फाटकं पुस्तक आठवलं. समुद्रसफरींचं पुस्तक होतं ते. त्यातली तीन-चार चित्रं कुणीतरी कधीच फाडून नेली होती, पण सुरुवातीची चित्रसूची शाबूत होती. तिच्यात लिहिलं होतं, ‘चित्र सातवे : वादळात सापडलेले गलबत’. ते चित्र कसं असेल हे मी ग्रंथपाल बाईंना इतक्या वेळा विचारलं, की शेवटी त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “ते प्रकरण नीट वाच आणि तूच काढ. जमलं तर चिकटवू.”

मी सातवीत होते. समुद्र पाहिलेला नव्हता. ते पान कितीदा वाचलं कोण जाणे! लाट उठते कशी, फुटते कशी, काही उमजेना. म्हणून मी गलबत तिरकं काढलं आणि त्यावरचा कंदील मात्र सरळ ओळंब्यात लोंबता ठेवला. समुद्राच्या जागी नुसत्या काळ्या रेघा. बाई बराच वेळ त्या कंदिलाकडे पाहत राहिल्या. मग डिंकाची बाटली काढून त्यांनी चित्र जागेवर चिकटवलं आणि कोपऱ्यात ग्रंथालयाचा शिक्का मारला. आज तीस वर्षं मी पुस्तकांसाठी चित्रं काढते आहे, पण तो शिक्का उमटतानाचा आवाज अजून कानात आहे.

कलाशिक्षण घेताना जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचा गेंडा पाहिला, तेव्हा मी त्या गलबतापाशी परत गेले. १५१५ साली भारतातून लिस्बनला एक गेंडा पोचला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी लिहून पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने चित्र केलं आणि ते लाकडी ठशावरून छापलं गेलं. अंगावर चिलखतासारखे पत्रे, खांद्यांच्या वर एक जास्तीचं छोटं शिंग. तरी पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपातली पुस्तकं गेंडा म्हणून त्याचीच नक्कल छापत राहिली. ते नसलेलं शिंग मला फार जवळचं वाटतं. न पाहिलेल्या प्राण्यावर इतका जीव लावून काम केल्याची ती खूण आहे.

आमचा चित्रकलेचा वर्ग आणि संगीताचा वर्ग यांच्यामध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. आम्ही इकडे घड्याच्या छायेत पेन्सिल घोळवत असायचो आणि तिकडून सगळं ऐकू यायचं. पेटीवर साथ करणाऱ्या मुलाला संगीताचे सर एकदा सांगत होते, “तो गातोय तोवर मागे राहा. तो श्वासाला थांबला की तेवढीच जागा भर. आणि भरताना त्याचं गाणं पुढे ने, स्वतःचं सुरू करू नकोस.”

या बोलण्याचा अर्थ लागायला पहिलं काम परत यावं लागलं. गोष्टीत एक मुलगी खिडकीशी उभी राहून पावसाकडे पाहत होती. मी खिडकी, मुलगी, पाऊस असं चित्र मन लावून रंगवून दिलं. संपादकांनी ते परत पाठवताना एकच ओळ लिहिली होती : हे लेखिकेने सांगून झालं आहे. दोन दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फळ्यांपलीकडचे सर आठवले. नव्या चित्रात मुलगी नव्हतीच. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं होतं आणि त्यात बोटाने काढलेलं एक घर. ते घर गोष्टीत कुठेही नव्हतं, पण ती कुणाची वाट पाहते आहे हे गोष्टीला ठाऊक होतं.

तेव्हापासून माझ्या कामाला मी साथ म्हणते. संहिता पहिल्यांदा वाचताना पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवते. मग काड्यापेटीएवढ्या चौकटींत कच्ची रेखाटनं. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या आठ, सोळा, बत्तीस अशाच पडतात. शीर्षक वगैरे वजा जाता समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या हाती उरतात. पान उलटणं ही माझी सम. तिच्याआधी उजव्या पानाच्या कडेला काहीतरी बाहेर ओढणारं हवं : एखादी नजर, सावली, दाराआड चाललेली शेपटी. बांधणीच्या घडीत मात्र कुणाचा चेहरा जाता कामा नये, एवढी काळजी घ्यायची.

काम करताना गाणं असतंच, पण कुठलंही नाही. विचार चालू असताना सतारीची किंवा सरोदची आलापी. शब्द असलेलं गाणं त्या वेळी चालत नाही, ते संहितेतल्या शब्दांशी भांडतं. शाईने रेघांवर रेघा टाकून काळोख विणायचा असला की द्रुत लय हाताला बरी वाटते. आणि डोळे काढताना सगळं बंद.

रागमालेची, म्हणजे रागांना चित्ररूप देणारी जुनी लघुचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहते. तोडी रागाच्या चित्रात वीणा घेतलेली एक स्त्री असते आणि भोवती हरणं माना उंचावून उभी. सूर रंगवता येत नाही, म्हणून त्या चित्रकारांनी ऐकणारे रंगवले! यापेक्षा सुंदर युक्ती मला आजवर दिसलेली नाही.

वाचन तर सुटणं शक्यच नाही. कविता वाचते आणि तितक्याच आवडीने पक्ष्यांची, अवजारांची, जहाजबांधणीची पुस्तकं. शिडाचा कुठला दोर कुठे बांधतात हे आता मला येतं.

पत्राच्या निमित्ताने मागच्या महिन्यात शाळेत गेले. बाई केव्हाच निवृत्त झाल्या आहेत, पण पुस्तक कपाटात होतं. डिंकाने कागद पिवळा पडला आहे, शिक्का पुसट झाला आहे. डोलकाठीवर कुणा मुलाने, माझ्यानंतर केव्हातरी, पेन्सिलीने एक इवलासा माणूस काढला आहे. दोन्ही हातांनी काठी घट्ट धरलेला. माझ्या गलबतावर माणूसच नव्हता.